जुना यूएसबी प्रिंटर घरातल्या सगळ्यांसाठी वायरलेस करायचाय, मार्गदर्शन हवंय

वेलदोडा | ५ जुलै, रात्री १०:१५

नमस्कार मंडळी. आम्ही कर्वेनगरला राहतो. घरात १४ वर्षांपूर्वी घेतलेला काळा-पांढरा लेझर प्रिंटर आहे. फक्त यूएसबीचा, वाय-फाय नाही, लॅनची जागाही नाही. छपाई मात्र आजही सुरेख येते आणि टोनर एकदा भरून आणला की दीड वर्ष बघावं लागत नाही. तो टाकून द्यायची माझी अजिबात इच्छा नाही.

अडचण अशी की घरातला प्रत्येक कागद माझ्या लॅपटॉपवरून जातो. मुलगी दहावीला आहे, तिचे प्रोजेक्ट आणि सराव प्रश्नपत्रिका. नवऱ्याची बिलं. सासूबाईंचं तर रोज काहीतरी असतं. सगळे मला व्हॉट्सॲपवर फाइल पाठवतात आणि मी वेळ मिळेल तेव्हा केबल लावून छापून देते. परवा मी ऑफिसात असताना सासूबाईंना बँकेत केवायसीसाठी आधारची प्रत हवी होती. त्यांनी ती फोनवरून खालच्या झेरॉक्सच्या दुकानात पाठवली आणि छापून आणली. आता ती फाइल त्या दुकानाच्या कॉम्प्युटरवर किती दिवस राहील कोण जाणे. तेव्हापासून मनात आहे की त्यांना स्वतःच्या फोनवरून, कुणाला न विचारता छापता आलं पाहिजे.

मी काय करून पाहिलं ते सांगते. आमच्या राउटरला मागे यूएसबी आहे आणि सेटिंगमध्ये 'प्रिंट सर्व्हर' असं लिहिलेलं आहे. प्रिंटर तिथे लावला, लॅपटॉपवर राउटरचा पत्ता देऊन प्रिंटर जोडला. गंमत म्हणजे पहिल्या संध्याकाळी चार पानं व्यवस्थित आली! त्याआधी पाच मिनिटं मी लॅपटॉपला केबल लावूनच एक पान छापलं होतं, तीच केबल काढून राउटरला लावली. दुसऱ्या दिवशी सकाळपासून एक पान नाही. लॅपटॉप म्हणतो छापलं, प्रिंटर ढिम्म. फोनवर तर प्रिंटर कधी दिसलाच नाही.

चूक कुठे होतेय?


शाईपेन | ५ जुलै, रात्री १०:५२

ताई, मी तरी नवीन वाय-फायवाला लेझर घ्या म्हणेन. आम्ही दोन वर्षांपूर्वी तेच केलं. घेताना एअरप्रिंट आणि मोप्रिया ही दोन नावं खोक्यावर आहेत का एवढं बघायचं. आयफोनला पहिलं लागतं, अँड्रॉइडला दुसरं. मग फोनमध्ये वेगळं काही टाकावं लागत नाही. जुन्या वस्तूवर जीव असतो हे कळतं मला, पण तुमच्या वेळेलाही किंमत आहे.


टेकडीवरचा | ६ जुलै, सकाळी ७:४०

राउटरच्या यूएसबीचे दोन प्रकार असतात. एकात राउटर नुसता निरोप्या असतो: जे आलं ते तसंच प्रिंटरला ढकलतो. दुसऱ्यात प्रत्येक कॉम्प्युटरवर राउटर कंपनीचं सॉफ्टवेअर टाकायचं, म्हणजे प्रिंटर जणू त्याच कॉम्प्युटरला लावलाय असं भासवलं जातं. दुसरा प्रकार जास्त प्रिंटरना चालतो, पण एका वेळी एकच कॉम्प्युटर तो धरून ठेवतो. फोन दोन्हीत उपाशी. तुमचं ध्येय सासूबाईंचा फोन असेल तर राउटरचा नाद सोडा.


मुठाकाठ | ६ जुलै, दुपारी १२:२०

वेलदोडाताई, 'पाच मिनिटं आधी लॅपटॉपला लावून एक पान छापलं होतं' या वाक्यात तुमचं उत्तर आहे. जरा सविस्तर लिहितो, कारण हा घोळ पुण्यात निदान शंभर घरांत तरी झालेला असणार.

स्वस्त घरगुती लेझर प्रिंटरना स्वतःचं डोकं फार कमी असतं. महागडा ऑफिसचा प्रिंटर 'इथे हे अक्षर, या मापाचं' एवढी सूचना घेऊन पानाचं चित्र स्वतः तयार करतो. घरगुती प्रिंटरला तयार ठिपके लागतात. ए४ पान ६०० डीपीआयला (इंचाला ६०० ठिपके) म्हणजे ४,९६१ गुणिले ७,०१६, साधारण ३ कोटी ४८ लाख ठिपके. कुठला काळा आणि कुठला पांढरा हे ठरवायचं काम कॉम्प्युटरवरचा ड्रायव्हर करतो आणि कंपनीच्या खास भाषेत प्रिंटरला पाठवतो. फोनमध्ये तो ड्रायव्हर नसतो, म्हणून फोनला तुमचा प्रिंटर परका.

याच्याही पुढची पायरी काही मॉडेलांत आहे. एचपीचा लेझरजेट १०२० सगळ्यांनी पाहिलेला असतो, तो याचा नमुना. त्यात फर्मवेअर, म्हणजे प्रिंटरला चालवणारा आतला प्रोग्राम, कायमचं साठवलेलं नसतं. प्रिंटर चालू झाला की दरवेळी कॉम्प्युटर ते त्याच्या मेमरीत भरतो, आणि वीज गेली की ते पुसलं जातं. तुमचा प्रिंटर त्याच जातीचा दिसतोय. त्या संध्याकाळी लॅपटॉपने फर्मवेअर भरलं होतं. तुम्ही यूएसबी काढली, पण प्रिंटरचं बटण बंद केलं नाही. फर्मवेअर आत जिवंत होतं, म्हणून राउटरने नुसतं ढकललेलंही छापलं गेलं. रात्री बटण बंद केलंत, सकाळी प्रिंटर कोरा. राउटरला ते भरता येत नाही.

खात्री करायची असेल तर: प्रिंटर चालू करा, लॅपटॉपला लावून एक पान छापा, बटणाला हात न लावता केबल राउटरला न्या आणि पुन्हा पाठवा. छापलं तर माझं म्हणणं खरं.

उपाय एकच: प्रिंटर आणि वाय-फाय यांच्यामध्ये एक छोटा, सतत चालू असणारा कॉम्प्युटर बसवायचा. तो प्रिंटरची भाषाही जाणेल आणि फोनचीही.


वेलदोडा | ६ जुलै, रात्री ९:०५

मुठाकाठदादा, अगदी तसंच झालं! छापलं. मग बटण बंद करून चालू केलं, परत ढिम्म. दोन दिवस मी राउटरला दोष देत होते. आणि तुम्ही ते न पाहता सांगितलंत, मनापासून आभार.

भावाचा जुना रास्पबेरी पाय ३, तो एका पाटीवरचा छोटा कॉम्प्युटर, माळ्यावर पडलेला आहे. तो चालेल का? मला कमांड वगैरे फारसं येत नाही, पण शिकायची तयारी आहे.


रविवार_पेठ | ६ जुलै, रात्री ९:४८

ताई, मी डीटीपीवाला माणूस, तीस वर्षं छपाईतच गेली. आमच्याकडे आठ वर्षं जुन्या डेस्कटॉपला प्रिंटर लावून तो विंडोजवरून शेअर केलेला होता. चालतं ते, पण डेस्कटॉप दिवसभर चालू ठेवावा लागतो आणि फोनचा प्रश्न सुटत नाही. पायसारखी छोटी पाटी लावायची सोय असेल तर तीच बरी.

दोन गोष्टी आधीच सांगून ठेवतो. एक, लेझर प्रिंटर इन्व्हर्टरवर किंवा यूपीएसवर कधीही टाकू नका. आतला रोलर तापताना काही सेकंद शेकडो वॅट ओढतो, यूपीएस किंचाळून बंद पडतो. भिंतीच्या सॉकेटलाच द्या. दोन, पायला मात्र राउटरच्या छोट्या यूपीएसवर ठेवा. त्याचं सगळं एका मेमरी कार्डावर असतं आणि लिहिता लिहिता वीज गेली की कार्ड खराब होऊ शकतं. आपल्याकडे गुरुवारी देखभालीसाठी लाइट जाते हे धरूनच चालायचं.


मुठाकाठ | ७ जुलै, रात्री ११:१०

पाय ३ उत्तम आहे. २०१६ चा आहे, १ जीबी मेमरी, चार यूएसबी. या कामाला पुरून उरतो. फक्त ॲडॅप्टर ५.१ व्होल्ट, २.५ अँपिअरचा घ्या. फोनचा जुना चार्जर लावलात तर मध्येच विजेचं पिवळं चिन्ह येतं आणि यूएसबी सुटते. तपकीर गल्लीत मिळेल.

पण त्याआधी एक काम. लिनक्सवर कुठला प्रिंटर चालतो हे सांगणारी ओपनप्रिंटिंगची यादी असते, तिच्यात तुमचं मॉडेल शोधा. पायवर लिनक्स चालतं, पण लिनक्सचा ड्रायव्हर आहे एवढं पुरत नाही, तो पायच्या एआरएम जातीच्या प्रोसेसरवर चालला पाहिजे. काही ड्रायव्हर फक्त इंटेल-एएमडीच्या मशीनसाठीच बनवलेले असतात.


सिंहगड_पायथा | ८ जुलै, सकाळी ८:१५

वरच्या शेवटच्या ओळीला माझं जोरदार अनुमोदन. मी बोर्ड विकत घेतला, डबी घेतली, कार्ड घेतलं, सगळं मांडलं आणि मग कळलं की माझ्या प्रिंटरचा ड्रायव्हर पायवर चालतच नाही. शेवटी मुलाचा कॉलेजचा मोडक्या स्क्रीनचा लॅपटॉप होता, त्यावर लिनक्स टाकलं आणि झाकण बंद करून कपाटावर ठेवला. दीड वर्ष झालं, छान चाललंय. त्याला स्वतःची बॅटरी आहे हा आणखी फायदा. तेव्हा आधी यादी, मग खरेदी.


वेलदोडा | ८ जुलै, रात्री १०:३०

मॉडेल यादीत आहे आणि 'उत्तम चालतो' असं लिहिलंय. कंपनीचं एक प्लगइन वेगळं टाकावं लागेल म्हणतात. पुढे?


मुठाकाठ | ९ जुलै, रात्री १२:२५

आता मांडणी सांगतो. घाई न करता शनिवारी बसा.

रास्पबेरी पायचं इमेजर नावाचं सॉफ्टवेअर लॅपटॉपवर घ्या आणि कार्डावर डेस्कटॉप नसलेली लाइट आवृत्ती लिहा. लिहिण्याआधी ते सेटिंग विचारतं; तिथेच वाय-फायचं नाव, पासवर्ड, पायचं नाव भरा आणि एसएसएच, म्हणजे लॅपटॉपवरून पायमध्ये शिरायची सोय, चालू करून टाका. म्हणजे पायला स्क्रीन-कीबोर्ड जोडावा लागणार नाही. पाय ३ ला फक्त २.४ गिगाहर्ट्झचं वाय-फाय दिसतं, ५ चं नाव दिलंत तर तो कधीच सापडणार नाही. शक्य असेल तर सरळ लॅनची केबल द्या, ते सर्वात निश्चिंत.

मग लॅपटॉपवरून त्याच्यात शिरून तीन गोष्टी टाकायच्या: कप्स, तुमच्या प्रिंटरचा ड्रायव्हर आणि अवाही. कप्स म्हणजे छपाईची रांग सांभाळणारा. हा १९९९ पासून आहे, मॅकमध्ये २००२ पासून तोच बसलेला आहे. कप्स आयपीपी नावाची भाषा बोलतो आणि २०१० साली आयफोनमध्ये आलेलं एअरप्रिंट त्याच भाषेवर उभं आहे. म्हणूनच तुमचा चौदा वर्षांचा प्रिंटर पायच्या मागे उभा राहिला की फोनला तो आजचा वाटतो. अवाही हा दवंडी पिटणारा: 'इथे एक प्रिंटर आहे हो' असं घरातल्या नेटवर्कवर सांगत राहतो.

आता लोक जिथे अडकतात ते. कप्सचं पान ब्राउझरमध्ये ६३१ या पोर्टवर उघडतं, पण सुरुवातीला ते फक्त पायच्या स्वतःपुरतं उघडं असतं. तेव्हा शेअरिंग आणि बाहेरून व्यवस्थापन ही दोन सेटिंग आधी चालू करायची. तुमच्या युजरला 'एलपीॲडमिन' या गटात घालायचं. ते विसरलं की पान उघडतं, पण काही बदलायला गेलं की मनाई येते. ब्राउझर 'हे संकेतस्थळ सुरक्षित नाही' असं बजावेल. पायने स्वतःच स्वतःचं प्रमाणपत्र लिहिलेलं असतं म्हणून तसं दिसतं. घरातल्या घरात पुढे जायला हरकत नाही.

प्लगइन टाकायला विसरू नका. तुमचं फर्मवेअर त्यातच आहे. ते एकदा बसलं की प्रिंटरचं बटण दाबताच पाय त्याला ओळखतो आणि फर्मवेअर आपणहून भरतो. प्रिंटर जोडताना 'हा प्रिंटर शेअर करा' या चौकटीत खूण करा. आणि कागदाचं माप ए४ करा. कित्येकदा ते अमेरिकन लेटर असतं आणि मग पानाचा तळ कापला जातो किंवा प्रिंटर कागदाची वाट बघत बसतो.


निवांत | ९ जुलै, सकाळी १०:००

ऑफिसातून घरच्या प्रिंटरवर पाठवता येईल का? राउटरमध्ये ६३१ पोर्ट बाहेर उघडला तर?


मुठाकाठ | ९ जुलै, दुपारी १:३५

नाही. कृपया असं करू नका. २०२४ च्या सप्टेंबरमध्ये कप्सच्या सोबत येणाऱ्या 'कप्स-ब्राउझ्ड' या भागात गंभीर त्रुटी जाहीर झाल्या होत्या. ज्यांचा ६३१ बाहेरच्या जगाला उघडा होता त्यांना सर्वांत जास्त धोका होता. घरगुती सर्व्हरला कप्स-ब्राउझ्डची गरजच नाही. तो दुसऱ्यांचे प्रिंटर शोधतो, आपल्याला आपला दाखवायचाय. काढून टाका आणि महिन्यातून एकदा अपडेट घ्या.

बाहेरून छापायचंच असेल तर आधी व्हीपीएनने, म्हणजे घरच्या नेटवर्कपर्यंतच्या सुरक्षित बोगद्याने, घरात यायचं, मग छापायचं.


वेलदोडा | १२ जुलै, रात्री ११:५०

छापलं! पायमधून चाचणीचं पान आलं तेव्हा माझे हातच थरथरत होते. बटण बंद केलं, चालू केलं. दहा-बारा सेकंदांनी आतून तो ओळखीचा घरघराट, हिरवा दिवा दोनदा लुकलुकला आणि प्रिंटर तयार! लॅपटॉपला केबल न लावता हा आवाज घरात पहिल्यांदाच आला.

माझ्या विंडोज ११ ला वेगळा ड्रायव्हर लागला नाही, त्याने आपणहून मायक्रोसॉफ्टचा आयपीपीचा घेतला. मुलीच्या फोनवर प्रिंटर लगेच दिसला. पण सासूबाईंच्या फोनवर दिसत नाही. दोन्ही फोन अँड्रॉइडच, मुलीचा उलट जुना आहे. सासूबाईंचा बंद करून चालू केला, वाय-फाय परत जोडलं. नाहीच. ज्यांच्यासाठी सगळा खटाटोप केला त्यांनाच दिसू नये, फार वाईट वाटतंय.


टेकडीवरचा | १३ जुलै, सकाळी ६:५५

दोन्ही फोनमध्ये वाय-फायच्या तपशिलात जाऊन आयपी पत्ता वाचा आणि इथे लिहा. घरात वाय-फायची नावं किती?


वेलदोडा | १३ जुलै, सकाळी ९:२०

मुलीचा १९२.१६८.०.१४. सासूबाईंचा १९२.१६८.१.७. वाय-फायची नावं दोन आहेत. फायबरवाल्यांनी दिवाणखान्यात लावलेल्या डबीचं एक, आणि आतल्या खोल्यांत रेंज येत नव्हती म्हणून आम्ही घेतलेल्या राउटरचं दुसरं. सासूबाई दिवाणखान्यात बसतात, त्यांचा फोन डबीला जोडलेला असतो.


टेकडीवरचा | १३ जुलै, सकाळी ९:४१

सापडलं. मधला तिसरा आकडा बघा: एकीकडे ०, दुसरीकडे १. तुमच्या घरात दोन वेगळी नेटवर्कं आहेत. पाय आतल्या राउटरवर आहे. अवाहीची दवंडी २२४.०.०.२५१ या सामायिक पत्त्यावर, ५३५३ पोर्टवरून जाते आणि राउटरचा उंबरठा ओलांडत नाही. सासूबाई उंबरठ्याबाहेर आहेत.

तुमचा राउटर 'ॲक्सेस पॉइंट' मोडमध्ये टाका. म्हणजे तो पत्ते वाटणं थांबवतो, नुसतं वाय-फाय पसरवतो. त्या मोडची सोय नसेल तर त्याचं डीएचसीपी (पत्ते वाटायचं काम) बंद करून डबीची केबल त्याच्या 'वॅन'मधून काढून 'लॅन'मध्ये लावा. मात्र त्याआधी राउटरचा स्वतःचा पत्ता डबीच्या रांगेतला, पण कुणाला न दिलेला असा करून घ्या. मग घरभर एकच नेटवर्क.

त्यानंतर डबीच्या सेटिंगमध्ये पायला पत्ता राखून ठेवा, समजा १९२.१६८.१.५०. नाहीतर एखाद्या दिवशी पत्ता बदलेल आणि तुमचा लॅपटॉप जुन्या घराचं दार ठोठावत बसेल.

आणि कुणाला 'गेस्ट' वाय-फायवरून प्रिंटर दिसत नसेल तर तेही याच कारणाने. गेस्टवरची उपकरणं एकमेकांपासून मुद्दाम तोडलेली असतात.


वेलदोडा | १३ जुलै, संध्याकाळी ७:३०

झालं!! सासूबाईंच्या फोनवर आला. फोनवर 'लेझर-१' असं काहीतरी इंग्रजीत दिसत होतं, त्यांना ते परकं वाटलं. म्हणून कप्समध्ये वर्णनाच्या जागी मराठीत 'माजघर' लिहिलं. आता फोनमध्ये 'माजघर' आणि पुढे पायचं नाव असं दिसतं. प्रिंटर माजघरातच आहे, त्यामुळे त्यांना लगेच उमगलं.

पहिल्या वेळी त्यांनी 'प्रिंट' केलं आणि काहीच आलं नाही. बघितलं तर वरच्या पट्टीवर 'पीडीएफ म्हणून सेव्ह करा' निवडलेलं होतं, फाइल फोनमध्येच साठत होती. त्या पट्टीवर बोट ठेवून 'माजघर' निवडायचं हे मी त्यांना तीनदा करून दाखवलं नाही, त्यांच्याकडूनच तीनदा करून घेतलं. तिसऱ्यांदा मी स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले.


मुठाकाठ | १३ जुलै, रात्री ८:१०

नाव छोटं ठेवलंत हे फार चांगलं. रांगेच्या मूळ नावात जागा सोडता येत नाही, तिथे इंग्रजीच ठेवा; वर्णन मात्र मराठीत चालतं. या दवंडीत नावाला ६३ बाइटांची मर्यादा असते आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, काना-मात्राही, ३ बाइट खातं. त्यात पायचं नावही बसवायचं असतं. 'आपल्या घरातला माजघरातला प्रिंटर' असं लिहिलंत तर मध्येच तुटेल.


वेलदोडा | १७ जुलै, संध्याकाळी ६:०५

आज गुरुवार. मुलगी बारा पानी प्रश्नपत्रिका छापत होती, पाचव्या पानाला लाइट गेली. पाय राउटरच्या यूपीएसवर चालूच होता, प्रिंटर बंद पडला. चारला लाइट आली, अडकलेला कागद काढला, प्रिंटर सुरू केला, पण कुणाच्याच फोनवरून काही छापेना. मी घरी येऊन कप्सचं पान उघडलं तर रांग 'थांबवलेली' होती. 'पुन्हा सुरू करा' दाबल्यावर चाललं. पण हे दरवेळी मलाच करावं लागणार का?


मुठाकाठ | १७ जुलै, रात्री ९:३०

नाही. प्रिंटर मध्येच गायब झाला की कप्स सावधगिरी म्हणून पूर्ण रांग थांबवतो. प्रिंटरच्या व्यवस्थापनात 'एरर पॉलिसी' आहे, ती 'स्टॉप प्रिंटर' असेल. 'रिट्राय जॉब' करा. मग तो थोड्या थोड्या वेळाने स्वतः प्रयत्न करत राहतो. एक लक्षात ठेवा, अर्धवट काम तो पहिल्या पानापासून पुन्हा छापेल. तेवढी चार पानं वाया गेली तरी घर अडून राहत नाही.


वेलदोडा | ३ ऑगस्ट, रात्री ९:१५

दोन आठवडे झाले, मला एकदाही कुणी फाइल पाठवलेली नाही. मध्ये दोन गुरुवार येऊन गेले, रांग थांबली नाही.

आता एक वेगळाच प्रश्न. ऋषिपंचमीला पहाटे दगडूशेठ गणपतीसमोर बायकांचं जे सामूहिक पठण असतं त्याला सासूबाई दरवर्षी जातात. त्यांच्या मंडळातल्या बायकांसाठी मोठ्या अक्षरात प्रती काढायच्या आहेत. कुणीतरी जुनी फाइल पाठवली आहे. छापली की जोडाक्षरं तुटतात, काही ठिकाणी नुसते चौकोन येतात. पाठ संस्कृत असल्यामुळे एकही अक्षर चुकून चालणार नाही. पायमध्ये मराठी फॉन्ट टाकायला हवा का?


रविवार_पेठ | ३ ऑगस्ट, रात्री १०:०२

हे माझं क्षेत्र. ती फाइल युनिकोडच्या (आज सगळीकडे चालणाऱ्या अक्षरपद्धतीच्या) आधीच्या फॉन्टमध्ये केलेली असणार. त्या काळचे फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवायचे. फॉन्ट सोबत असला तर मराठी, नसला तर भलतीच चिन्हं. पीडीएफ करताना फॉन्ट आत बांधलेला नसेल तर फोन किंवा पाय आपल्याकडचा दुसरा फॉन्ट लावून बघतो आणि मग चौकोन. पायमध्ये आजचा युनिकोड फॉन्ट टाकून या फाइलला काही उपयोग नाही.

ज्यांनी फाइल पाठवली त्यांच्या मशीनवर तो फॉन्ट असेल. त्यांना सांगा, तिथूनच फॉन्ट बांधून पीडीएफ करून द्या. नाहीच जमलं तर मजकूर युनिकोडमध्ये नव्याने टंकित करा. स्तोत्रासाठी मी तेच सुचवेन, कारण पुढच्या वर्षी हवं तेवढं मोठं करता येईल. फक्त टंकलेला मजकूर पाठ असणाऱ्या दोन जणींकडून अक्षर न् अक्षर तपासून घ्या. अवग्रह आणि विसर्ग हमखास सुटतात. वाचणाऱ्यांचं वय बघता २२ पॉइंटच्या खाली जाऊ नका आणि दोन ओळींत हवा सोडा.

पावसाळा आहे, म्हणून कागदाचंही सांगतो. उघडं रीम ओल धरतं, मग दोन-दोन कागद एकदम ओढले जातात आणि छापलेलं पान वाकतं. लागेल तेवढाच कागद ट्रेमध्ये घाला, बाकीचा त्याच्याच वेष्टनात गुंडाळून ठेवा. ७५ जीएसएमचा घ्या.


वेलदोडा | १० ऑगस्ट, दुपारी ४:२०

सासूबाईंनी स्वतः फोनवर बोलून मजकूर टंकला, मुलीने विसर्ग घातले आणि मंडळातल्या दोघींनी आमच्याकडे बसून वाचला. तेरा चुका सापडल्या. आज दुपारी मी घरूनच ऑफिसच्या मीटिंगमध्ये असताना बाहेर प्रिंटर घरघरला. उठून बघितलं तर सासूबाई खुर्ची ओढून त्याच्यापुढे बसल्या होत्या, येणारं प्रत्येक गरम पान हातात घेऊन चष्मा सावरून वाचत होत्या.

एकच विचारायचं राहिलं. चार पानांचा मजकूर दोन कागदांवर पाठपोट हवा आहे, म्हणजे हातात धरायला सोपं. आमच्या प्रिंटरला ती सोय नाही. फोनवरून जमेल का?


रविवार_पेठ | १० ऑगस्ट, संध्याकाळी ५:४५

जमेल. प्रिंटच्या पानावर 'पृष्ठे' मध्ये आधी १, ३ लिहून छापा, मग तेच कागद ट्रेमध्ये परत घालून २, ४ छापा. कागद उलटा घालायचा की सुलटा, डोकं आत की बाहेर, हे प्रत्येक प्रिंटरचं वेगळं. एका कोऱ्या कागदाच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात पेन्सिलने फुली मारा, ट्रेमध्ये घाला आणि एक पान छापून फुली कुठे आली ते बघा. जमलं की ट्रेवरच खडूने खूण करून ठेवा. एकदम सगळ्या प्रती काढू नका. आधी एक संच पूर्ण करा, आणि पहिली बाजू छापून झाल्यावर कागद पाच मिनिटं गार होऊ द्या. गरम आणि वाकलेला कागद लगेच परत घातला की अडकतो.